एम्बेडेड सिस्टिम्स शिकायचंय : अर्जात कोणती शाखा भरायची आणि कोणते कागद आधी काढायचे

"सर, यादीत एम्बेडेड कुठेच दिसत नाही."

कॅपचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, दिवस आले की आमच्या छाननी केंद्रावर हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. सोबत आई किंवा वडील, हातात प्लास्टिकची फाईल. मुलाने किंवा मुलीने अकरावीच्या सुट्टीत अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर एलईडी लुकलुकवलेला असतो, एखादा सेन्सर जोडून पाहिलेला असतो. आवड खरी असते : यंत्राच्या पोटातल्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरून ते चालवायची, म्हणजेच एम्बेडेडची. पण महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदवीचे प्रवेश शाखेच्या नावावर होतात आणि त्या नावांत 'एम्बेडेड' हा शब्द सहसा सापडत नाही. त्यामुळे नाव शोधत बसण्यापेक्षा हा विषय कोणत्या शाखेच्या पोटात शिकवला जातो ते बघा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि अनेक वर्षं प्रवेशाच्या टेबलावरही बसतो, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

शाखा कोणती

सर्वांत जास्त कॉलेजांत आहे ती इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. पुण्याकडे तिला ईएनटीसी म्हणतात, मुंबईकडे एक्स्टीसी. मुंबईच्या वीजेटीआय किंवा सांगलीच्या वालचंद कॉलेजसारख्या ठिकाणी नुसती 'इलेक्ट्रॉनिक्स' अशीही शाखा आहे. अलीकडे इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर हे नाव वाढलंय. त्यात प्रोग्रॅमिंगचा वाटा अधिक. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक परिषद) २०२३ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स (व्हीएलएसआय डिझाइन अँड टेक्नॉलॉजी)' या पदवीचा नमुना अभ्यासक्रम आणला, त्यानंतर तेही नाव यादीत दिसू लागलं. इथे बरेच जण गोंधळतात. व्हीएलएसआय म्हणजे चिपच्या आतली रचना करणं. एम्बेडेड म्हणजे तयार चिप घेऊन तिच्याभोवती सर्किट बांधणं आणि तिच्यात सी भाषेतला प्रोग्रॅम भरून यंत्राला कामाला लावणं. वॉशिंग मशीन, विजेचं स्मार्ट मीटर, गाडीचा इंजिन कंट्रोलर, सगळं या दुसऱ्या प्रकारातलं. दोन्ही वाटा इलेक्ट्रॉनिक्समधूनच निघतात, पण रोजचं काम फार वेगळं असतं.

माझं मत विचाराल तर शाखेच्या नावापेक्षा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून वाचा. विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या संकेतस्थळावर तो असतो. मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी, प्रोग्रॅम भरता येणारी चिप) कोणता आहे, फक्त जुन्या ८०५१ वर थांबलेत की आजच्या एआरएम कॉर्टेक्सपर्यंत नेतात? एम्बेडेड सी आणि आरटीओएस (ठरलेल्या वेळेत काम पुरं करणारी ऑपरेटिंग सिस्टिम) विषय म्हणून आहेत का? यूएआरटी, एसपीआय, आय-टू-सी या चिपांमधल्या संवादाच्या पद्धतींची प्रात्यक्षिकं आहेत का? कॉलेज बघायला गेलात तर प्रयोगशाळेत एका बोर्डावर किती मुलं बसतात तेवढं नक्की विचारा. चार जणांत एक बोर्ड असेल तर एक जण जोडणी करतो आणि तिघं वहीत उतरवून घेतात.

पात्रता

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. तिसरा विषय रसायनशास्त्र, किंवा जीवशास्त्र, संगणकशास्त्र, आयटी, तांत्रिक व्यावसायिक विषय अशा मान्य यादीतला कोणताही चालतो. या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस) आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. 'मिळून' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक विषय १०० गुणांचा धरला तर ३०० पैकी १३५ किंवा १२० पुरतात. एका विषयात ३८ पडले म्हणून रडत बसायचं कारण नाही.

शिवाय एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात शून्याहून अधिक गुण हवेत. ही परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, एकूण २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे शेकडा किती यावर.

उमेदवारीचा प्रकार

अर्जात 'टाइप ए', 'टाइप बी' असा पर्याय येतो आणि लोक अंदाजाने भरतात. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झाली असेल आणि मूल महाराष्ट्रात जन्मलेलं किंवा इथलं अधिवासी असेल तर टाइप ए. शिक्षण बाहेर झालं, पण उमेदवाराकडे स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला आहे, तर टाइप बी. इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी कुटुंबांनी हा प्रकार नीट वाचावा. आपल्याला परराज्यातलं धरतील असं समजून कित्येक जण अर्जच करत नाहीत. सी आणि डी प्रकार केंद्र व राज्य सरकारी नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठी. टाइप ई सीमाभागासाठी आहे. बेळगाव, निपाणी, बिदर, कारवार या वादग्रस्त भागात राहणाऱ्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना त्यातून राज्यात अर्ज करता येतो. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातले दाखले लागतात.

कागद : इथे खरा वेळ द्या

साधे कागद सगळ्यांना माहीत असतात : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, सीईटीचं गुणपत्रक. सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ महाराष्ट्रातलं आणि राष्ट्रीयत्व 'भारतीय' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर बरंच काम सोपं होतं. नसेल तर तहसील कार्यालयाकडून 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व' दाखला काढावा लागतो. त्यासाठी राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज होतो. जूनमध्ये तिथे रांग असते, जानेवारीत नसते.

आता आरक्षणाचे कागद. माझ्या टेबलावर जास्तीत जास्त मुलं इथेच अडखळताना पाहिली आहेत.

जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळतं. अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती आहे. अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह करायचा. वेळ जातो तो जुने पुरावे शोधण्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची जातीची नोंद किंवा वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. म्हणजे आजोबांचा, कधी पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा. शाळा दुसऱ्या तालुक्यात असेल, रजिस्टर फाटलेलं असेल तर दोन-तीन खेपा होतात. वडिलांना, सख्ख्या काकांना किंवा मोठ्या भावंडांना वैधता मिळालेली असेल तर ते प्रमाणपत्र आधी शोधा, त्याने काम हलकं होतं.

विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजा-भज), इतर मागासवर्ग (इमाव), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग (एसईबीसी) यांना याशिवाय नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र, लागतं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. याची मुदत बघा : ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. २०२६-२७ साठी ३१ मार्च २०२७. एका वर्षी एक मुलगी अगदी चांगल्या पर्सेंटाइलसह आली, सगळी फाईल व्यवस्थित, आणि नॉन-क्रिमिलेअर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संपलेलं. वडील दुपारीच तहसीलला धावले, पावती घेऊन आले, म्हणून अर्ज वाचला. त्या दिवशी सर्व्हर बंद असता तर ती इतर मागासवर्गातून बाहेर गेली असती.

ईडब्ल्यूएसला वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचं, चालू वर्षाचं आणि राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. केंद्राच्या नोकरभरतीसाठी काढलेला नमुना इथे देऊ नका.

वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती जोडून तात्पुरता दावा करता येतो. पण मूळ प्रमाणपत्र जाहीर केलेल्या तारखेपर्यंत आलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो आणि त्या प्रवर्गातून मिळालेली जागा रद्द होते.

नावातला फरकही सांभाळा. गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर आडनावाचं तिसरं स्पेलिंग असेल तर छाननी अधिकारी अर्ज परत पाठवतो. आधार दुरुस्त करणं सोपं, दाखला दुरुस्त करणं अवघड. म्हणून दाखल्याप्रमाणे आधार करून घ्या.

नोंदणी, छाननी, पर्याय

कॅपची नोंदणी सीईटीच्या निकालानंतर उघडते आणि ती सीईटीच्या अर्जापेक्षा वेगळी असते. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशासाठी नोंदणी झाली असं होत नाही. कागद स्कॅन करून चढवायचे, मग ई-छाननी किंवा प्रत्यक्ष केंद्रावर छाननी निवडायची. ई-छाननी घेतली तर रोज लॉगिन करून बघा, कारण अर्ज त्रुटीसह परत आला आणि तुम्ही तो दुरुस्त केला नाही तर मुदत तशीच निघून जाते. पुढे तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतींना दोन-तीन दिवस मिळतात, मग अंतिम यादी.

पर्याय भरण्याआधी मागच्या वर्षीचा कटऑफ वाचायला शिका. त्यातले कोड आधी कोड्यासारखे वाटतात. 'जीओपीईएनएच' यातला पहिला 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातले, 'ओ' म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातले, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. विद्यापीठनिहाय वाटपात ७० टक्के जागा त्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना जातात. टाइप एसाठी तुमचं क्षेत्र ठरतं ते बारावी कुठून केली यावरून. नाशिकचा मुलगा लातूरला बारावी करून आला तर तो नांदेडच्या विद्यापीठ क्षेत्रातला धरला जातो, पुण्याच्या नव्हे. त्यामुळे पुण्यातल्या कॉलेजचा 'ओ' कटऑफ त्याने बघायचा. ही गोष्ट अकरावीचा प्रवेश घेतानाच कळायला हवी होती असं अनेक पालक म्हणतात, आणि ते खरं आहे.

पर्यायांचा क्रम तुमच्या इच्छेचा असू द्या. संगणक वरून खाली वाचत जातो आणि तुमच्या गुणांना जिथे पहिल्यांदा जागा मिळते तिथे थांबतो. अवघड कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. मात्र २०२५-२६ पासून नियम कडक झाला : पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणून 'बघू तरी' म्हणून कॉम्प्युटर वर आणि ईएनटीसी खाली असं करू नका. एम्बेडेडच करायचं मनात असेल तर चांगल्या प्रयोगशाळेची इलेक्ट्रॉनिक्स शाखा बेधडक वर लिहा.

जागा मिळाली की लॉगिनमधून ती स्वीकारायची, १,००० रुपये स्वीकृती शुल्क भरायचं आणि तीच जागा पक्की करायची की पुढच्या फेरीत अधिक चांगली मागायची ते निवडायचं. पुढे वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप सुटते. काहीच केलं नाही तर मिळालेलीही हातची जाते.

फी

कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तीन गोष्टी तपासा. पहिली, टीएफडब्ल्यूएस : शिकवणी शुल्क माफ असलेल्या ५ टक्के जादा जागा. त्यांचा पर्याय क्रमांक वेगळा असतो, तो मुद्दाम भरावा लागतो, आणि या जागेवरून नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. दुसरी, मुलींसाठी : ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इमाव मुलींना शिकवणी व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. तिसरी, खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, त्यात निम्मं शिकवणी शुल्क मिळतं. शेवटच्या दोन्हींसाठी प्रवेश कॅपमधून झालेला हवा आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी अर्ज करायला हवा. वसतिगृह आणि विकास शुल्क हिशेबात वेगळं धरा.

डिप्लोमानंतर आणि पदवीनंतर

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्यांना सीईटी नाही. ते थेट दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमाच्या टक्क्यांवर, वेगळ्या कॅपमधून येतात. ४५ आणि ४० टक्क्यांची अट तीच. या मुलांनी मायक्रोकंट्रोलर आधीच हाताळलेला असतो, प्रयोगशाळेत ती बारावीवाल्यांच्या पुढे असतात आणि गणितात मागे. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत गणित पक्कं केलं तर पुढे त्यांना कुणी अडवत नाही.

'एम्बेडेड' हा शब्द पदवीच्या नावात हवाच असेल तर तो एमई-एमटेकला मिळतो, 'व्हीएलएसआय अँड एम्बेडेड सिस्टिम्स' अशा नावाने. त्यासाठी संबंधित शाखेची पदवी ५० टक्क्यांनी (आरक्षित प्रवर्गाला ४५) आणि शक्यतो गेट या राष्ट्रीय परीक्षेचा ईसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) पेपर. गेटचा गुणांक तीन वर्षं चालतो. गेटमधून पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्याला मान्यताप्राप्त संस्थेत एआयसीटीईकडून महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, पण आधारशी जोडलेलं बँक खातं आणि नॉन-क्रिमिलेअरसारखे कागद तिथेही मागतात. तेव्हा बारावीला केलेली फाईल टाकून देऊ नका. प्रत्येक दाखल्याचा स्कॅन मुदतीच्या तारखेसकट नाव देऊन जपून ठेवा.