'दाऊ' म्हणजे 'आपण' नाही हो, 'तू'!

जुन्या इंग्रजीतला 'दाऊ' (thou) फार आदराचा शब्द, म्हणूनच बायबलमधे देवाला दाऊ म्हणतात, असं कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात. साफ उलटं आहे! दाऊ म्हणजे साधं एकेरी तू, आणि आदराला होतं ते 'यू', जे मुळात अनेकवचन, अगदी आपल्या तुम्हीसारखं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधे, म्हणजे बायबलच्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरात, तर सैतानालाही दाऊच आहे. देवाला तू म्हणणं आपल्याला नवीन नाही, विठ्ठलाला कोण अहो म्हणतं? जवळच्या माणसाला दाऊ म्हटलं की माया, पण मोठ्या माणसाला म्हटलं की सरळ अपमान, १६०३ मधे सर वॉल्टर रॅले या बड्या इंग्रज दरबाऱ्यावर खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला गद्दार म्हणताना मुद्दाम दाऊ वापरलं होतं.