एनटीएफवाय: घरच्या सर्व्हरवरची पुश नोटिफिकेशन सेवा

एनटीएफवाय (उच्चार 'नोटिफाय') हे एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. घरातला कुठलाही प्रोग्राम, स्क्रिप्ट किंवा सेन्सर त्याच्याकडे एक साधी वेब रिक्वेस्ट टाकतो आणि तो मजकूर तुमच्या फोनवर नोटिफिकेशन म्हणून वाजतो, बास एवढंच काम. फिलिप हेकेल या डेव्हलपरने २०२१ मध्ये ते गो भाषेत लिहायला घेतलं, लायसन्स अपाची २.० आणि जीपीएल २ असं दुहेरी आहे, आणि प्रोजेक्टचा स्वतःचा सार्वजनिक सर्व्हरही आहे, म्हणजे नुसतं करून बघायचं असेल तर घरी काहीच बसवावं लागत नाही. मग घरी बसवायचं कशाला, तर एक म्हणजे कुठल्या कॅमेऱ्यासमोर हालचाल झाली, कोण दारात आलं, बॅकअप कुठल्या डिस्कवर गेला हे परक्या मशीनवरून जायला नको, आणि दुसरं म्हणजे होमलॅबवाल्यांना (घरी छोटे सर्व्हर चालवायची हौस असलेल्यांना) प्रत्येक गोष्ट घरीच बसवायची असते, त्याला औषध नाही.

सगळा कारभार टॉपिकवर चालतो. टॉपिक म्हणजे सर्व्हरच्या पत्त्याच्या शेवटी लावलेलं एक नाव. त्या पत्त्यावर कोणी मजकूर टाकला की त्या टॉपिकला सबस्क्राइब करून बसलेल्या सगळ्यांना तो मिळतो. टॉपिक आधी तयार करावा लागत नाही, नाव वापरलं की तो असतोच. पाठवायला कर्ल या कमांड लाइनवरून वेब रिक्वेस्ट पाठवणाऱ्या टूलची एक ओळ पुरते, आणि ज्याला म्हणून एचटीटीपी पोस्ट (वेबवर मजकूर पाठवायची नेहमीची पद्धत) करता येतं असं काहीही चालतं, त्यामुळे काहीशे रुपयांचा ईएसपी बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर) आणि टाकीतला फ्लोट स्विच जोडून 'टाकी भरली, मोटर बंद करा' असाही मेसेज पाठवता येतो. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या गावात हा उपयोग बॅकअपच्या मेसेजपेक्षा घरच्यांना लवकर पटतो.

मेसेजसोबत शीर्षक, १ ते ५ अशी प्रायॉरिटी, इमोजीचे टॅग, जास्तीत जास्त ३ बटणं, आणि 'आत्ता नको, उद्या सकाळी ७ ला दे' असं शेड्यूलही लावता येतं, हे शेड्यूल ३ दिवसांपर्यंत. मराठीत पाठवणाऱ्यांना दोन गोष्टी आड येतात. मेसेजची मर्यादा ४,०९६ बाइट आहे आणि युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते, म्हणजे इंग्रजीत चार हजार कॅरेक्टर मावतात तिथे मराठीत साडेतेराशेच्या आसपास संपतं आणि त्याहून मोठा मेसेज अख्खाच टेक्स्ट फाइल होऊन अटॅचमेंट म्हणून येतो. दुसरं, शीर्षक एचटीटीपी हेडरमधून (रिक्वेस्टच्या सुरुवातीच्या माहितीतून) जातं, सर्व्हरला तिथे युनिकोड चालतं पण पाठवणाऱ्या बऱ्याच लायब्ररींना चालत नाही, पायथनची नेहमीची रिक्वेस्ट्स लायब्ररी तर सरळ एरर देते. अशा वेळी सगळा मेसेज जेसनमध्ये (शीर्षक आणि मजकूर एकत्र बांधायच्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये) पाठवायचा, मग शीर्षक मराठीत बिनधास्त जातं.

आता मूळ प्रश्न, नोटिफिकेशनसाठी गूगल किंवा ॲपल मध्ये लागतातच कशाला. फोनवरचं प्रत्येक ॲप आपापल्या सर्व्हरशी कायम कनेक्शन धरून बसलं तर बॅटरी दुपारपर्यंतच टिकेल, म्हणून ॲपलने २००९ मध्ये आणि गूगलने २०१० मध्ये अशी व्यवस्था केली की फोन त्यांच्या सर्व्हरशी एकच कनेक्शन ठेवेल आणि सगळ्या ॲप्सचे निरोप त्यातूनच येतील. गूगलच्या सेवेचं नाव दोनदा बदललं, २०१६ पासून ती फायरबेस क्लाउड मेसेजिंग आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ मोड आला, पडून राहिलेल्या फोनवर बॅकग्राउंडच्या ॲप्सचं नेटवर्क थांबायला लागलं, आणि मग तर या रस्त्याशिवाय वेळेवर पोचणं अवघडच झालं. म्हणजे कोणत्या ॲपने कोणाला कधी हाक मारली याची नोंद दोन कंपन्यांकडे साठते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी तिथल्या न्याय विभागाला पत्र लिहून परदेशी सरकारं ही माहिती या कंपन्यांकडे मागतायत हे उघड केलं, त्याआधी बहुतेक लोकांच्या डोक्यातही हा विचार नव्हता.

सर्व्हर बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) किंवा कपाटात पडलेला जुना लॅपटॉप पुरतो, डॉकरची (प्रोग्राम वेगळ्या पेटीत चालवायची पद्धत) तयार इमेज आहे, डेबियन-उबंटूचं पॅकेजही आहे, सगळी सेटिंग यामल नावाच्या फॉरमॅटच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये. त्यात सर्व्हरचा बाहेरून दिसणारा पूर्ण पत्ता लिहायचा, कॅशसाठी, म्हणजे मेसेज तात्पुरते साठवायला, फाइल द्यायची (नाही दिली तर मेसेज फक्त मेमरीत राहतात आणि रिस्टार्टला जातात, दिली तर १२ तास साठतात), आणि पुढे एनजिनएक्स किंवा कॅडीसारखा रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या रिक्वेस्ट आत पोचवणारा मधला प्रोग्राम) असेल तर 'बिहाइंड प्रॉक्सी' चालू करायचं. हे शेवटचं राहिलं तर गंमत होते, सर्व्हरला सगळे पाहुणे प्रॉक्सीच्या एकाच आयपीवरून आलेले दिसतात, आणि एका पाहुण्याला सुरुवातीला ६० रिक्वेस्ट आणि नंतर दर ५ सेकंदाला एक अशी मर्यादा असल्यामुळे एका बडबड्या स्क्रिप्टमुळे घरातल्या सगळ्यांचेच मेसेज अडतात. प्रॉक्सीत वेबसॉकेट (उघडं राहणारं कनेक्शन) चालू आणि टाइमआउट थोडा मोठा ठेवायचा, नाहीतर कनेक्शन सारखं तुटून परत जोडलं जातं.

सुरक्षेचा भाग मात्र घाईत करायचा नाही. मूळ सेटिंगमध्ये कोणीही कुठलाही टॉपिक वाचू आणि लिहू शकतो, टॉपिकचं नाव हाच काय तो पासवर्ड. सार्वजनिक सर्व्हरवर 'टेस्ट' किंवा 'अलर्ट' असं नाव ठेवणं म्हणजे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी चिकटवणं. स्वतःच्या सर्व्हरवर युजरची फाइल देऊन डिफॉल्ट परवानगी सरळ 'सगळ्यांना नाही' करायची, मग एक ॲडमिन युजर, आणि स्क्रिप्टसाठी वेगळा युजर, ज्याला ठरलेल्या टॉपिकवर फक्त लिहिता येतं आणि वाचता येत नाही. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड न टाकता टोकन (पासवर्डऐवजी चालणारी वेगळी किल्ली) टाकायचं, म्हणजे ते कुठे फुटलं तर तेवढंच रद्द करता येतं.

पुढची अडचण घराबाहेर पडलं की कळते. भारतात बऱ्याच ब्रॉडबँड ग्राहकांना स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, अनेक घरं मिळून एकच आयपी वापरतात, याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशाने सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच, राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची रिक्वेस्ट घरच्या मशीनकडे वळवणं) करा बाहेरून कोणी आत येत नाही. मार्ग तीन-चार आहेत. प्रोव्हायडर देत असेल तर जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेता येतो. टेलस्केलसारखं व्हीपीएन (फोन आणि घर जोडणारं खासगी नेटवर्क) फुकटात आणि पटकन होतं पण अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे ऑफिसचं व्हीपीएन लावलं की घरचे मेसेज बंद. क्लाउडफ्लेअर टनेल (त्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत घरापर्यंतचा रस्ता) सोयीचं आहे, फक्त एन्क्रिप्शन त्यांच्या दारात उघडतं, म्हणजे ज्या कारणासाठी घरी सर्व्हर आणला ते कारण थोडं पातळ होतं. तिसऱ्या कोणी मजकूर उघडायलाच नको असेल तर भाड्याच्या छोट्या व्हीपीएसवरून (इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवरून) घरापर्यंत वायरगार्ड हे व्हीपीएन टाकणं हे जास्त स्वच्छ, पण दर महिन्याचं भाडं आलं आणि सांभाळायला अजून एक मशीन आलं.

फोनच्या बाजूला अँड्रॉइड आणि आयफोन यांची कथा पार वेगळी आहे. अँड्रॉइडवर स्वतःचा सर्व्हर वापरला की ॲप गूगलचा रस्ता सोडून थेट तुमच्या सर्व्हरशी कनेक्शन उघडं ठेवतं, त्यासाठी वर एक कायमचं नोटिफिकेशन दिसत राहतं, ते सेटिंगमधून लपवता येतं. एकच शांत कनेक्शन असल्यामुळे बॅटरीवर फारसा भार येत नाही, पण काही कंपन्यांचे फोन बॅकग्राउंडचं ॲप सरळ मारून टाकतात, म्हणून बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून एनटीएफवाय वगळणं हे पहिलं काम. आयफोनवर असं कनेक्शन ठेवायची मुभाच नाही. तिथे तुमच्या सर्व्हरला प्रोजेक्टचा सार्वजनिक सर्व्हर 'अपस्ट्रीम' म्हणून द्यावा लागतो. मेसेज आला की तुमचा सर्व्हर अपस्ट्रीमला फक्त टॉपिकच्या पत्त्याचा हॅश (पत्त्यापासून बनवलेला, उलटा न वाचता येणारा कोड) आणि मेसेजचा नंबर कळवतो, अपस्ट्रीम ॲपलमार्फत फोनला उठवतो, आणि फोन तुमच्या घरी येऊन खरा मजकूर घेऊन जातो. डोकं लढवून केलेली तडजोड आहे, मजकूर बाहेर जात नाही, पण मेसेज कधी आला हे ॲपलला कळतंच, आणि त्या क्षणी घरचा सर्व्हर फोनला सापडला नाही तर नुसतंच 'न्यू मेसेज' असं दिसतं. घरात आयफोन असेल तर 'शंभर टक्के सेल्फ होस्टेड' हे म्हणणं सोडून द्यावं.

अँड्रॉइडवर अजून एक मोठा उपयोग आहे, तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. एनटीएफवाय हे युनिफाइडपुश नावाच्या खुल्या पद्धतीचं डिस्ट्रिब्यूटर (इतर ॲप्सना निरोप वाटणारं ॲप) म्हणून चालतं, म्हणजे मॅट्रिक्स या चॅट नेटवर्कची फ्लफीचॅट, मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कची टस्की अशी ॲप्स स्वतःचे निरोपसुद्धा गूगलऐवजी तुमच्या घरच्या सर्व्हरमार्फत घेऊ शकतात. त्यासाठी 'यूपी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या टॉपिकवर अनोळखी लोकांना फक्त लिहायची परवानगी द्यावी लागते, कारण निरोप पाठवणारे सर्व्हर तुमच्याकडे लॉगिन करून येत नाहीत.

पर्यायांमध्ये गॉटिफाय हे जुनं आणि चांगलं आहे, तेही गो भाषेतलंच, वेब पॅनेल नीटनेटकं, पण आयफोनसाठी अधिकृत ॲप नाही. अप्राइझ हे सर्व्हरपेक्षा दुभाषी जास्त, एकच मेसेज टेलिग्राम, ईमेल, एनटीएफवाय अशा कितीतरी ठिकाणी पाठवतं. अपटाइम कुमा (सर्व्हर चालू आहेत का ते बघणारं) आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं) या सॉफ्टवेअरमध्ये एनटीएफवायची सोय आधीपासून आहे, तिथे पत्ता आणि टोकन टाकलं की झालं.

राहता राहिली वीज. लाइट गेली की सर्व्हर, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही एकदम जातात, आणि 'लाइट गेली' हा मेसेज पाठवणारंच कोणी उरत नाही. राउटर आणि डब्याला छोटा डीसी यूपीएस लावला तर थोडा वेळ निघतो, पण सर्व्हर खरोखर मेला हे कळायला घराबाहेरची एक नजर लागतेच. घरच्या सर्व्हरने दर ५ मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला पिंग करायचं, म्हणजे 'मी चालू आहे' असं कळवायचं, पिंग चुकला की ती सेवा ओरडते. ती सेवा ईमेलने किंवा टेलिग्रामवर ओरडेल असं लावायचं, कारण उत्साहात तिथेही स्वतःच्याच एनटीएफवायचा पत्ता टाकणारे लोक आहेत.