मजकूर-फाइल : वाचन व लेखन

पर्ल, पायथन यांसारख्या स्क्रिप्ट-भाषांत साध्या मजकुराची फाइल उघडून ती ओळीओळीने वाचणे किंवा तिच्यात मजकूर लिहिणे. पायथनमध्ये उघडताना ‘आर’ (वाचन), ‘डब्ल्यू’ (लेखन) वा ‘ए’ (अखेरीस भर) ही खूण देण्याची रीत सी भाषेतून आली. ‘डब्ल्यू’ने उघडताच जुना मजकूर जातो, मग पुढे काही लिहिले जावो वा न जावो.

फाइलीत प्रत्येक चिन्ह क्रमांकाने साठवले जाते. ओळ संपल्याची खूण युनिक्समध्ये १० या क्रमांकाची, तर विंडोजमध्ये १३ व १० अशी जोडीची असते. जोडीच्या उगमाबद्दल एकमत नाही. टेलिप्रिंटरचा गाडा डावीकडे परतायला वेळ लागे, तो मिळावा म्हणून दुसरी खूण घातली, असे नेहमी सांगितले जाते. तथापि गाडा परतवणे आणि कागद सरकवणे या मुळातच दोन वेगळ्या क्रिया होत्या, आणि तारयंत्र-संशोधक डोनल्ड मरे यांच्या तारसंकेतात (सु. १९०१) त्यांना वेगळ्या खुणा होत्या. त्यामुळे वेळेचे कारण मागाहून जोडलेले दिसते. विंडोजकडे ही जोडी सीपी/एम व डॉस या जुन्या संगणक-प्रणालींमार्गे आली.

देवनागरी मजकुरात खरी अडचण अक्षरसंकेताची, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे ठरवणाऱ्या कोष्टकाची. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानात वापरल्या गेलेल्या इस्की संकेतात (भारतीय मानक, १९९१) ‘पुणे’ हा शब्द ४ बाइटांत (बाइट म्हणजे ० ते २५५ मधील एक संख्या मावणारी जागा) मावतो : प, उकार, ण, मात्रा. युनिकोड हा सर्व लिप्यांचा सामाईक संकेत बाइटांत मांडणाऱ्या, केन टॉम्पसन व रॉब पाइक यांच्या यूटीएफ-८ मध्ये (१९९२) प्रत्येकास ३, म्हणजे एकूण १२ बाइट लागतात. विंडोजवर पायथनला संकेत सांगितला नाही, तर ते बहुधा १२५२ हे पाश्चात्त्य कोष्टक धरते. यूटीएफ-८ मधील ‘ठाणे’, ‘नाशिक’ त्या कोष्टकाने वाचले, तर नुसती विचित्र चिन्हे दिसतात. यादीत ‘पुणे’ असेल, तर वाचनच थांबते. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ असतो आणि १२५२ मध्ये ती जागा रिकामी आहे. (अडवणूक नेमकी पुण्याचीच, हा योगायोग.) हलन्त, ए, ऐ व झ यांचीही तीच गत, त्यामुळे जोडाक्षर असलेली जवळपास कोणतीही फाइल अडते. फाइल उघडतानाच यूटीएफ-८ सांगणे हा उपाय. पायथन ३.१५ पासून तोच मूलसंकेत (काही न सांगितल्यास धरला जाणारा) ठरवण्यात आला आहे.

जुन्या नोटपॅडने यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन अदृश्य बाइट असतात. ते न वगळल्यास पहिल्या ओळीचा पहिला शब्द तंतोतंत जुळवून पाहताना जुळत नाही.

युनिकोडपूर्व डीटीपीच्या (संगणकावरील पृष्ठजुळणीच्या) फाइलींत अक्षरांऐवजी त्या-त्या फॉन्टमधील आकारांचे क्रमांक असतात. त्यांत ‘नाशिक’मधील वेलांटी श च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर, म्हणून रूपांतर करताना फॉन्टनिहाय कोष्टकाबरोबर क्रमही बदलावा लागतो.