सांता मोनिका उपसागर : पर्जन्यजल प्रदूषणाविरुद्ध शेजारी शहरांचे सहकार्य

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस परगण्यालगत पॅसिफिक महासागराचा सांता मोनिका हा उपसागर आहे. पावसाळी नाल्यांवाटे त्यात येणारी घाण रोखण्यासाठी किनाऱ्यावरील व त्यामागील पाणलोटातील शहरांनी उभारलेल्या संयुक्त व्यवस्थेची ही नोंद आहे. लॉस एंजेलिस, सांता मोनिका, एल सेगुंडो, मॅनहॅटन बीच, हर्मोसा बीच, रेडोंडो बीच आणि टॉरन्स ही तिच्यातील प्रमुख किनारी शहरे होत. बेव्हर्ली हिल्स, वेस्ट हॉलीवूड आणि कल्व्हर सिटी यांना समुद्र लागत नाही. तरीही तेथील रस्त्यांवरचे पाणी बॅलोना या नाल्यातून याच उपसागराला मिळत असल्याने त्यांनाही या व्यवस्थेत भाग घ्यावा लागतो.

या भागात मलनिस्सारणाच्या वाहिन्या आणि पर्जन्यजलवाहिन्या पूर्णपणे वेगळ्या आहेत. घराघरांतले सांडपाणी हायपेरियनसारख्या केंद्रांत शुद्ध होऊन समुद्रात जाते, तर रस्त्यावरचे पाणी कोणत्याही प्रक्रियेविना थेट पुळणीवर येते. मुंबईच्या पावसाची सवय असलेल्या वाचकाला येथील हवामानाची कल्पना सहजी येणार नाही. लॉस एंजेलिसमध्ये वर्षभरात सरासरी सुमारे ३८० मिमी. पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा हिवाळ्यात. उन्हाळ्याचे सहा-सात महिने रस्त्यांवर इंजिनाचे तेल, ब्रेक झिजून पडलेली तांब्याची पूड, कुत्र्यांची विष्ठा, खते आणि प्लास्टिकचे कप साचत राहतात आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर हा सारा ऐवज एका दिवसात किनाऱ्यावर येतो. कोरड्या ऋतूतही नाले पूर्ण आटत नाहीत, कारण बागांना दिलेले जादा पाणी आणि गाड्या धुतलेले पाणी त्यांतून बारीक धारेने वाहत असते. बॅलोनाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३३५ चौ. किमी. असून पुराचे पाणी लवकर निघून जावे म्हणून त्याचे पात्र १९३० च्या दशकात काँक्रीटने बांधून काढण्यात आले. पुराचा प्रश्न त्याने हलका झाला. मात्र वाटेत पाणी मुरण्याची आणि गाळ बसण्याची सोयही त्याबरोबर गेली.

या पाण्याचा आरोग्यावर होणारा परिणाम १९९५ च्या उन्हाळ्यात उपसागरात पोहणाऱ्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीतून पुढे आला. नाल्याच्या तोंडासमोर पोहणाऱ्यांत ताप, उलट्या, कानाचे व श्वसनाचे विकार यांचे प्रमाण तेथून ४०० यार्ड (सुमारे ३६५ मी.) किंवा अधिक अंतरावर पोहणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले. ‘हील द बे’ ही १९८५ मध्ये स्थापन झालेली संस्था किनाऱ्यांना शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारख्या श्रेणी देऊ लागल्यावर या प्रश्नाची चर्चा सामान्य नागरिकांपर्यंत गेली. आपल्या पुळणीला ‘नापास’ शेरा मिळणे पर्यटनावर जगणाऱ्या कोणत्याही नगरपालिकेला परवडणारे नव्हते.

असे असले तरी हे सहकार्य केवळ शेजारधर्मातून जन्मलेले नाही. त्यामागे कायद्याचा बडगा आहे. १९७२ च्या संघीय स्वच्छ पाणी कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन नगरपालिकांच्या पर्जन्यजलवाहिन्यांना परवाना लागू झाला आणि १९९० पासून परगणा व त्यातील शहरे एकाच सामायिक परवान्याखाली आली. पुढे पर्यावरणवादी संस्थांनी लावलेल्या दाव्यातून १९९९ मध्ये संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेशी तडजोड झाली आणि प्रत्येक दूषित जलाशयासाठी प्रदूषणाची कमाल मर्यादा ठरवून देणे बंधनकारक बनले. सांता मोनिका उपसागराच्या किनाऱ्यांसाठी जिवाणूंची अशी मर्यादा २००३ मध्ये लागू झाली. तिची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. उपसागराच्या वायव्येस असलेला लिओ कॅरिलो हा जवळजवळ वस्तीविरहित पाणलोटाचा किनारा प्रमाण मानण्यात आला. तेथेही पावसानंतर काही दिवस जिवाणू वाढतात, म्हणून शहरी किनाऱ्यांना ओल्या हवामानात वर्षाकाठी सतरा दिवसांपर्यंत मर्यादा ओलांडण्याची सवलत मिळाली. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत मात्र एकही दिवस नाही. निसर्गाकडून जेवढी अपेक्षा करता येते तेवढीच शहराकडून करावी, हे त्यामागचे तत्त्व होय. जबाबदारी शहरवार न वाटता पाणलोटवार वाटण्यात आली आणि एका पाणलोटातील सर्व शहरे मिळून उत्तरदायी ठरली.

संयुक्त जबाबदारी कागदावर ठरली तरी घाण नेमकी कोणाची, हा वाद मिटला नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या एका खटल्यात लॉस एंजेलिस परगण्याच्या पूरनियंत्रण जिल्ह्याचा (नाले सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचा) बचाव असा होता, की नदीतील मोजणी केंद्रावर डझनावारी शहरांचे पाणी मिसळून येते, तेव्हा त्यातले दूषित पाणी आमचे हे सिद्ध कसे होणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये मर्यादित मुद्द्यावर जिल्ह्याच्या बाजूने निर्णय दिला. परंतु त्याच वर्षी खालच्या अपील न्यायालयाने परवान्यातील अटींच्या आधारे जिल्ह्याला पुन्हा जबाबदार धरले. मिसळलेल्या पाण्याकडे बोट दाखवून हात झटकण्याची वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली. २०१२ च्या नव्या परवान्याने शहरांना एकत्र येऊन पाणलोट आराखडा करण्याचा पर्याय दिला : ठरावीक तीव्रतेच्या पावसाचे पाणी शक्य तेथे अडवण्याची, मुरवण्याची किंवा वापरण्याची हमी देणाऱ्या गटाला अनुपालनाचा सुरक्षित मार्ग मिळे. बहुतेक शहरांनी तो पत्करला. सांता मोनिका, लॉस एंजेलिस, एल सेगुंडो व परगणा यांचा एक गट झाला. दक्षिणेकडे मॅनहॅटन, हर्मोसा, रेडोंडो आणि टॉरन्स यांचा दुसरा.

प्रत्यक्ष कामांत सर्वांत जास्त आणि सर्वांत लवकर उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. कोरड्या ऋतूतली बारीक धार नाल्याच्या तोंडाशी अडवून पंपाने मलवाहिनीत सोडायची आणि हायपेरियनला पाठवायची. उपसागराच्या काठाने अशी वळवणी केंद्रे वीसहून अधिक ठिकाणी आहेत. पाऊस सुरू होताच ती बंद ठेवावी लागतात, कारण तेवढे पाणी पेलण्याची ताकद मलवाहिनीत नसते. सांता मोनिका धक्क्याजवळचे शुद्धीकरण केंद्र याच्या एक पाऊल पुढचे आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता दिवसाला ५ लाख गॅलन, म्हणजे सुमारे १९ लाख लिटर ठेवण्यात आली. पिको-केंटर नाल्याचे पाणी येथे आधी जाळ्यांतून जाते, मग वाळू-खडा बसतो, हवेच्या बुडबुड्यांनी तेल व तवंग वर आणला जातो आणि सूक्ष्म गाळणीनंतर अतिनील किरणांनी ते निर्जंतुक होते. तयार झालेले पाणी बागांना, दफनभूमीच्या हिरवळीला आणि काही इमारतींत शौचालये धुण्यासाठी वापरले जाते. नाला सांता मोनिकात समुद्राला मिळत असला तरी त्याचा वरचा भाग लॉस एंजेलिसच्या हद्दीत येतो; त्यामुळे केंद्राच्या खर्चात लॉस एंजेलिसनेही वाटा उचलला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सगळी यंत्रणा दिसावी अशीच केंद्राची बांधणी आहे, हा निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल. जमिनीखालच्या कामासाठी लोक खुशीने पैसे देत नाहीत.

दक्षिण गटात मात्र उताराचे राजकारण उघडे पडले. हर्मोसा आणि रेडोंडो यांच्या सीमेवर समुद्राला मिळणारा हेरोंडो नाला टॉरन्सपर्यंतच्या वरच्या भागाचे पाणी आणतो. ते जमिनीत मुरवण्यासाठी हर्मोसाच्या हरितपट्ट्याखाली मोठी योजना आखली गेली, तेव्हा आजूबाजूच्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. इतर शहरांचे पाणी आमच्याच अंगणात का, हा त्यांचा सवाल होता. पाणलोटाच्या हिशेबाने जागा योग्य होती, पण नगरपरिषदेचे सदस्य पाणलोटातून नव्हे तर शहरातील मतदारांच्या जोरावर निवडून येतात. पाणी मुरवण्याच्या जागा उताराच्या शेवटाशी असल्याने अशी कामे बहुधा खालच्या शहराच्या वाट्याला येतात, आणि खर्चाची वाटणी क्षेत्रफळाच्या प्रमाणात करूनही ही असमानता भरून निघत नाही.

पैशाचीही अडचण मोठी होती. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये मंजूर झालेल्या घटनादुरुस्तीमुळे मालमत्तेशी निगडित शुल्कासाठी मतदारांची संमती लागते. पिण्याचे पाणी आणि मलनिस्सारण यांना तीत सूट होती, पर्जन्यजलाला ती मिळाली नाही. परगणाव्यापी शुल्काचा २०१३ मधील प्रस्ताव मालमत्ताधारकांच्या विरोधामुळे बारगळला. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये दोनतृतीयांशहून अधिक मतांनी ‘मेझर डब्ल्यू’ हा मतदारांपुढे ठेवलेला करप्रस्ताव मंजूर झाला. त्यानुसार पाणी न मुरणाऱ्या, म्हणजे छप्पर किंवा फरशी-डांबराखालच्या, प्रत्येक चौरस फुटामागे वर्षाला अडीच सेंट कर द्यावा लागतो. जमा रकमेतील निम्मी पाणलोटनिहाय प्रादेशिक कामांसाठी, ४० टक्के शहरांना थेट आणि १० टक्के पूरनियंत्रण जिल्ह्याला मिळते. पाणी न मुरणाऱ्या जागेवर कर बसवल्याने वाहनतळ फोडून झाडे लावणाऱ्याला काही सूट मिळते, ही त्यातली जमेची बाजू.

उन्हाळ्यात बहुतेक किनाऱ्यांची स्थिती वीस वर्षांपूर्वीपेक्षा बरी आहे; पावसानंतरची नाही, आणि सर थांबल्यावर ७२ तास पाण्यात न उतरण्याची आरोग्य विभागाची सूचना आजही कायम आहे. जानेवारी २०२५ मधील पॅलिसेड्स वणव्यानंतर राख, जळालेल्या घरांचे अवशेष आणि धातू घेऊन पाणी याच नाल्यांतून उपसागरात उतरू लागले, तेव्हा मुख्यतः जिवाणू आणि प्लास्टिक डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या या आराखड्यांपुढे वेगळ्याच घाणीचा प्रश्न उभा राहिला.