समाजमाध्यमे आणि व्यवसाय (नाशिक)

मालाची जाहिरात, विक्री आणि गिऱ्हाइकांशी संपर्क यांसाठी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब यांचा होणारा वापर. नाशिक जिल्ह्यात पैठणी, द्राक्षे, वाइन, मिसळ, यात्रेकरूंचा मुक्काम अशा धंद्यांत तो आता रुळला आहे. फारसे भांडवल न घालता दूरचे गिऱ्हाईक मिळते, हा मोठा लाभ. मात्र ज्या पेजवर धंदा उभा राहतो ते दुसऱ्याच्या मालकीचे असते आणि बरेचसे धोके तिथूनच निघतात.

लाभ सर्वांत ठळक दिसतो तो पैठणी विणणाऱ्या येवल्यात. पूर्वी विणकराची पैठणी व्यापाऱ्याच्या हातूनच मुंबई-पुण्याला जाई. आता विणकर मागाजवळूनच व्हिडिओ कॉल लावतो आणि पलीकडून पहिली मागणी येते, "पदर उलटा करून दाखवा." हातमागावरच्या पदरातली मोर-पोपटांची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, यंत्रमागाच्या साडीत उलट्या बाजूला सुटे धागे दिसतात. ही पारख छापील जाहिरातीत करून देता येत नव्हती. पण विणकराच्या पेजवरचे फोटो उचलून भलताच कोणी यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून खपवतो, आणि फसलेले गिऱ्हाईक बोल लावते ते येवल्याला. कष्टाने विणणाऱ्यावर हा सरळ अन्याय आहे. तक्रार करून बनावट खाते बंद करवावे, तर काही दिवसांत दुसऱ्या नावाने ते पुन्हा उघडते.

२०२० साली या माध्यमांची ताकद दोन्ही अंगांनी दिसली. कोंबडीतून कोरोना पसरतो, ही अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हॉट्सॲपवरून पसरली. राज्यभर कोंबड्यांचे भाव कोसळले आणि कुक्कुटपालकांना पक्षी मातीमोल विकावे लागले. त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. पाठोपाठ टाळेबंदी आली तेव्हा द्राक्षांचा हंगाम चालू होता. व्यापारी फिरकेनात, तेव्हा अनेक बागायतदारांनी शहरांतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ऑर्डरी घेऊन पेट्या थेट दारात पोहोचवल्या.

त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि तिथे जमवलेले फॉलोअर गेले ते गेलेच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. तिन्ही एकाच कंपनीची. भारतात तेव्हा रात्र होती म्हणून निभावले. गिऱ्हाइकांची नावे आणि मोबाइल नंबर स्वतःच्या वहीत उतरवून ठेवणारा दुकानदार अशा वेळी अडत नाही. हे काम रीलइतके आकर्षक नाही, पण त्याहून महत्त्वाचे आहे.

मिसळीच्या ठिकाणांना रील गाजण्याचा फायदा लगेच होतो. मुंबईच्या गाड्या शनिवार-रविवारी वळतात, आणि वाढलेल्या गर्दीला रस्सा पुरला नाही की नाराजीचे रिव्ह्यूही तितक्याच लवकर पडतात.

पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरातल्या लॉजचालकांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तीर्थक्षेत्रांतील मुक्कामाच्या नावाने बनावट पेज काढून ॲडव्हान्स उकळण्याचे प्रकार देशभर होतात; २०२६-२७ च्या सिंहस्थात ही भीती वाढणार. पैसे भरलेले कुटुंब सामानासह खऱ्या लॉजच्या दारात येते, रजिस्टरमध्ये त्यांचे नाव नसते, आणि राग निघतो तो काउंटरवरच्या माणसावर. लॉजने आपला खरा नंबर आणि खात्यावरचे नाव पेजवर ठळक लिहिणे हा साधा उपाय आहे. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता राहते.

कायद्याकडे छोट्या व्यावसायिकांचे सहसा लक्ष नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस करणाऱ्या इन्फ्लुएन्सरलाही तो लागू आहे, आणि ही जाहिरात आहे हे त्याने उघड सांगणे बंधनकारक आहे. गाण्यांचेही तसेच: इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला सगळी लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत. खासगी खात्यावरून तेच गाणे लावून दुकानाची जाहिरात केल्यास हक्कधारकाच्या तक्रारीवरून रीलचा आवाज बंद होतो किंवा ती रीलच काढली जाते.