वनक्षेत्र आणि वनाच्छादन: अकरावी-बारावीच्या वर्गातला जुना घोळ

भारतात जंगल किती? एक विद्यार्थी २१ टक्के म्हणतो, दुसरा २३ टक्के. उत्तरसूचीत यांपैकी एकच आकडा छापलेला असतो, म्हणून दुसऱ्याचा गुण जातो. खरं तर दोघंही बरोबर असतात. चूक प्रश्न काढणाऱ्याची, कारण जमीन विचारली आहे की झाडांची सावली, हे त्याने ठरवलेलंच नसतं.

वनक्षेत्राबद्दल फार लिहीत नाही. सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन म्हणजे वनक्षेत्र: १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखालची राखीव आणि संरक्षित वनं, शिवाय अवर्गीकृत. सातबाऱ्यावर वनाची नोंद असली की काय होतं, हे खेड्यातल्या मुलाला गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असतं. तिथे झाड आहे की नाही, याच्याशी त्या नोंदीला कर्तव्य नाही.

अडतं ते वनाच्छादनापाशी. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून ते मोजते. किमान एक हेक्टर जागा आणि वरून पाहिल्यावर तिचा १० टक्के किंवा अधिक भाग झाडांच्या छत्राखाली, एवढी अट. व्याख्येचा हा अर्धा भाग मुलं घडाघडा म्हणतात. उरलेला अर्धा बहुतेक वर्गांत गाळला जातो: जमीन कोणाची आणि झाड कोणतं, हे इथे विचारलंच जात नाही. आमराई, काजूची बाग, नारळाची वाडी, बांबू, सगळं मोजलं जातं.

म्हणूनच रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन नावापुरती असूनही वनाच्छादन भरघोस दिसतं. गोव्यातही नोंदलेलं वनक्षेत्र सुमारे एक तृतीयांश, पण वनाच्छादन ६० टक्क्यांच्या आसपास. उलट टोकाला सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य घ्या. तिथल्या गवताळ माळावरच्या वनजमिनीची वनाच्छादनात किंमत जवळजवळ शून्य. कोणी तिला 'उजाड वनजमीन' म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते गवत हीच त्या जागेची संपत्ती आहे. हरित करायच्या हौसेने तिथे झाडं लावली तर माळढोकाचं घर मोडेल आणि अहवालातला आकडा मात्र सुधारेल.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे दुसरी गंमत. डोंगरावरचं मिश्र जंगल तोडून रबर लावलं, तर झाडं वाढून छत्र जुळल्यावर उपग्रहाला पुन्हा हिरवंच दिसतं. वनाच्छादन तेवढंच, जंगल मात्र गेलेलं. 'वनाच्छादन वाढलं' या बातमीवर 'जंगल वाढलं' असा मथळा पाहिला की मला तो कापून वर्गात लावावासा वाटतो.

देशाचे आकडे एकदा फळ्यावर मांडाच. २०२१ च्या अहवालात नोंदलेलं वनक्षेत्र ७,७५,२८८ चौरस किलोमीटर, म्हणजे सुरुवातीचे ते २३ टक्के, आणि वनाच्छादन ७,१३,७८९, म्हणजे ते २१. ही दोन वर्तुळं एकात एक बसत नाहीत, नुसती एकमेकांवर चढतात. वनाच्छादनापैकी ५,१६,६३० चौरस किलोमीटर वनक्षेत्राच्या आत आहे आणि १,९७,१५९ बाहेर. म्हणजे चतुर्थांशाहून अधिक 'जंगल' वनजमिनीवर नाहीच, आणि सुमारे एक तृतीयांश वनजमीन वनाच्छादनात नाही. महाराष्ट्रात वनक्षेत्र सुमारे २० टक्के, तर वनाच्छादन साडेसोळा. या दोहोंची वजाबाकी करून 'साडेतीन टक्के जंगल तोडलं गेलं' असं लिहिणाऱ्याला मी शून्य देईन.

१९८८ च्या वनधोरणातलं ३३ टक्क्यांचं उद्दिष्टही असंच चुकीच्या आकड्याशेजारी ठेवतात. धोरणात वन किंवा वृक्षाच्छादन असं म्हटलं आहे, म्हणून २०२१ पुरतं तुलनेला वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन मिळून होणारे २४.६२ टक्के घ्यावेत. त्यात एक हेक्टरहून लहान तुकड्यांतली झाडंही येतात.

घनतेचे वर्ग तोंडपाठ करण्यासारखेच: १० ते ४० टक्के विरळ, ७० पर्यंत मध्यम घनदाट, त्यावर अतिघनदाट. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांच्या फरकावर दोन तासिका घालवणाऱ्यांनी त्यातली एक इकडे द्यावी.

त्या तासिकेला मुलांना बाहेर काढा. पुठ्ठ्याची नळी घ्यायची आणि एका टोकाला दोन दोऱ्यांची फुली बांधायची. ठरावीक पावलांवर थांबून नळी सरळ वर धरायची आणि फुलीवर पान आहे की आभाळ, एवढंच लिहायचं. शंभर नोंदींत पानं ३७ वेळा आली तर छत्र ३७ टक्के. ही मोजणी एकदा आमराईत करायची आणि एकदा रस्त्याकडेच्या वनजमिनीवर. जुन्या कलमांच्या बागेत चाळिसाच्या वरचा आकडा सहज येतो आणि मग वर्गात भांडण लागतं. लागू द्या, तुमच्या व्याख्यानापेक्षा ते कामाचं आहे.

फक्त हा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घ्या. उपग्रहाची चित्रंही शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरचीच निवडतात. मार्चमध्ये पानगळ झालेल्या सागाखाली नळी धरली, तर चांगल्या जंगलालाही मुलं विरळ ठरवून मोकळी होतील.