पांढऱ्या बगळ्याला 'प्लस' द्या, हे अर्धंच खरं

"पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर +1, काळा असेल तर −1" हा सल्ला पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. एक्स्पोजर म्हणजे फोटोला मिळणारा उजेड; कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा +1 म्हणजे दुप्पट, −1 म्हणजे निम्मा. मराठवाड्यातल्या काळ्या रानात तो हमखास फसतो.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पक्षी ओळखत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी करायला बघतो. बगळ्याने फ्रेम भरली तर मीटर त्याला मळकट करतो, तिथे +2/3 ठीक. पण नांगरामागे किडे टिपणारा बगळा फ्रेममध्ये इवलासा, बाकी सगळी काळी माती. मीटर माती उजळवतो आणि बगळा जळतो: पिसांची रेघ न् रेघ जाऊन नुसता पांढरा डाग. वर +1 दिलंत तर संपलंच. पार जळलेला तपशील रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) परत येत नाही. इथे −1 पासून सुरुवात करा. म्हशीच्या पाठीवरच्या बगळ्यालाही तेच.

उडत्या बगळ्यामागे क्षणात माती, क्षणात आभाळ. तिथे मॅन्युअलच बरं, म्हणजे सगळी सेटिंग्ज आपणच ठरवायची. स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 400, लेन्सचं छिद्र एफ/8, शटर 1/2500 सेकंद. ऑटो आयएसओ बंद करा, नाहीतर मॅन्युअलमध्येही मीटर आपलंच खरं करतो. हायलाइटचा इशारा चालू ठेवा; फोटोतला जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो. पंख लुकलुकला की शटर 1/3200 करा.

पावसाळ्याच्या तोंडावर गायबगळ्याचं डोकं, छाती नि पाठ केशरट होते. पंख मात्र पांढरेच राहतात, म्हणून उजेड पंखावरूनच तपासा.